शिक्षणाची वाट : सोनोग्राफीचा सहा महिन्यांचा कोर्स

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी विहाराच्या जागेविषयी, वर्षावासातल्या प्रवचनांविषयी लिहिणारे समाजबांधव या दिवसांत मुलामुलींच्या पुढच्या शिक्षणाबद्दल विचारू लागतात. त्यांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो. "मुलीला सोनोग्राफीच्या कोर्सला घालू का?" सोबत कधी हँडबिल असते. त्यावर पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी, बाजूला पडद्यावर पोटातल्या बाळाचे चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत 'सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी, फी हप्त्याने'. वाचणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांपुढे लेक दवाखान्यात मानाने काम करताना दिसू लागते. मग कोणी बचतगटातून कर्ज उचलायला निघतो, कोणी गळ्यातली पोत मोडायला.

वाचकहो, पोत मोडण्याआधी एवढे ऐकून घ्या. आपल्या देशात सोनोग्राफी करण्याचा अधिकार कायद्याने डॉक्टरला दिलेला आहे. तोही कुठल्याही डॉक्टरला नाही. केंद्राची सरकारदरबारी नोंदणी हवी, आणि नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे अशा पात्र डॉक्टरानेच तपासणी करायची. सहा महिन्यांचे सर्टिफिकेट भिंतीवर लावून कोणाच्या पोटावर ते यंत्र फिरवता येत नाही. हँडबिलावर ही गोष्ट छापलेली नसते.

हा कायदा असा का झाला ते समजले म्हणजे पुढचे उलगडते. त्यासाठी आधी यंत्राकडे पाहू.

आपल्यापैकी जे रेल्वेत रुळांच्या कामावर होते त्यांना हे चटकन कळेल. रुळाच्या पोटात तडा गेला आहे का हे पाहण्यासाठी एक यंत्र रुळावरून ढकलत नेतात. ते लोखंडात ध्वनीच्या लहरी सोडते. आत तडा असला की लहर तिथून परत फिरते. सोनोग्राफीचे यंत्र याच जातीचे. आपल्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत ती कंपने वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत असतात. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. यकृत, मूत्रपिंड, गर्भपिशवी अशा प्रत्येक ठिकाणाहून त्याचा थोडा प्रतिध्वनी परत येतो. किती वेळाने आला यावरून खोली मोजायची, किती जोराने आला यावरून पडद्यावर उजळ नि काळे ठिपके काढायचे. मध्ये हवा आली तर लहर पुढे सरकत नाही, म्हणून ती थंडगार जेली. लघवी तुंबवून या म्हणतात तेही याचसाठी. भरलेल्या मूत्राशयातून मागची गर्भपिशवी स्वच्छ दिसते. आपल्या बायकांना तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लावून तासन्तास बाकावर बसवतात, पण त्याचे कारण कोणी सांगत नाही. ते सांगायला अर्धा मिनिट लागतो.

दवाखान्यात ही विद्या आली ती कारखान्यातूनच. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५५ साली त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेन्फ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात नेल्या, आणि लोखंडातले दोष शोधणाऱ्या यंत्रावर त्या तपासून पाहिल्या. पुढे टॉम ब्राऊन या तरुण इंजिनिअरच्या साह्याने त्यांनी माणसासाठी यंत्र घडवले आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात त्याची माहिती प्रसिद्ध केली. बॉयलर कामगारांच्या हत्यारातून बाळंतिणीच्या उपयोगाची वस्तू निघाली, ही गोष्ट कामगार वस्तीत वाढलेल्या मुलांना अवश्य सांगावी.

या यंत्राचा एक गुण ध्यानात ठेवावा. एक्स-रे अगर सीटी स्कॅनमध्ये चित्र यंत्र काढते, आणि ते दुसऱ्या गावचा डॉक्टरही दुसऱ्या दिवशी वाचू शकतो. सोनोग्राफीत चित्र हातात असते. दांडा कोणत्या कोनात धरला, किती दाबला, कुठे थांबलो यावर गाठ दिसणार की निसटणार हे ठरते. गाठ निसटली तर कागदावर 'नॉर्मल' उमटते आणि बाई निर्धास्त होऊन घरी जाते. म्हणून ज्या देशांत डॉक्टरशिवाय दुसरी माणसे हे काम करतात, तिथेही ती सहा महिन्यांत तयार होत नाहीत.

आता कायद्याकडे येऊ. या यंत्राने पोटातले बाळ कसे आहे हे कळते, तसे ते मुलगा की मुलगी हेही कळते. त्या ज्ञानाचा आपल्या देशाने काय उपयोग केला हे जनगणनेत लिहिलेले आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली हा आकडा ८०७ वर आला. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी रान उठवले तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशातला तो पहिला. मग १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला आणि २००३ साली दुरुस्त होऊन अधिक कडक झाला. प्रत्येक केंद्रावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आपण पाहतो ती त्यामुळेच.

श्रावस्तीचा राजा प्रसेनजित मल्लिका राणीला मुलगी झाली म्हणून खिन्न झाला, तेव्हा तथागतांनी त्याला मुलगी ही मुलाहून सरस निघू शकते असे समजावले, हे संयुत्त निकायात आले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोलणे आपल्या घरांतून रुजले असे म्हणायचे, तर आपल्याही वस्त्यांत 'तपासून' येणारी कुटुंबे नाहीत असे छातीवर हात ठेवून सांगता आले पाहिजे. आम्हांला ते सांगता येत नाही. पण आजचा विषय तो नव्हे.

या कायद्यात काम करणाऱ्या माणसाबद्दल काय आहे ते पाहा. शिक्षा फक्त डॉक्टरला किंवा मालकाला आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. केंद्रात नोकरीला असून तिथे व्यावसायिक अगर तांत्रिक सेवा देणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि आपसात मिटवता न येणारा. गरोदर बाईची तपासणी करताना 'एफ' नमुना भरावा लागतो. त्यात लिंग जाणून घ्यायचे नाही असे बाईचे नि लिंग सांगितलेले नाही असे डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र असते, आणि हे कागद दोन वर्षे जपून ठेवायचे असतात. त्या कागदांतल्या त्रुटी म्हणजे निव्वळ कारकुनी चूक असे म्हणून सुटता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये दिला.

आता हा सहा महिन्यांचा कोर्स करून मुलगी एखाद्या केंद्रावर लागली असे समजा. तिच्या वाट्याला काय काम येते? पेशंटला हाक मारणे, ओळखपत्र पाहणे, एफ नमुना भरणे, जेली पुसणे, रिपोर्ट टाइप करणे. ही कामे हलकी नाहीत. त्यांत कष्ट आहेत, आणि वर सांगितल्याप्रमाणे जबाबदारीही आहे. पण ती शिकायला कर्ज काढण्याची गरज नाही. चांगले केंद्र ती पगार देऊन शिकवते. खरी भीती पुढे आहे. गर्दीचा दिवस आहे, डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात अडकले आहेत, आणि मालक म्हणतो, "तू कोर्स केलाय ना? तोवर जरा पाहून घे, सही ते येऊन करतील." हातात सर्टिफिकेट असलेली, घरी हप्ता थकलेली मुलगी नाही म्हणू शकत नाही. धाड पडली की मालक वकील उभा करतो. हिच्यामागे कोण उभे राहणार? आमच्या मते या कोर्सचा खरा धोका फीपेक्षाही इथे आहे. पोरीला हे घरातच सांगून ठेवावे : दांडा हातात घ्यायचा नाही, नोकरी गेली तरी चालेल.

'सहा महिने' हा शब्द कायद्यातही आहे, त्याने गोंधळ वाढतो. एमबीबीएस झालेल्या डॉक्टराला सोनोग्राफी करायची असेल तर त्याच्यासाठी सहा महिन्यांच्या, ३०० तासांच्या प्रशिक्षणाचे नियम केंद्र सरकारने २०१४ साली केले. ते प्रशिक्षण डॉक्टरसाठी आहे. साडेपाच वर्षे वैद्यक शिकलेल्या माणसाचे सहा महिने आणि बारावी झालेल्या मुलीचे सहा महिने हे एक कसे?

हँडबिलावरची ती पांढऱ्या कोटातली मुलगी मात्र अगदीच खोटी नाही. ती परदेशातली आहे. अमेरिकेत 'सोनोग्राफर' हा स्वतंत्र पेशा आहे. मान्यताप्राप्त कॉलेजात शिकायचे, रुग्णालयात उमेदवारी करायची, मग एआरडीएमएस या संस्थेच्या परीक्षा द्यायच्या. एक परीक्षा ध्वनिलहरींच्या भौतिकशास्त्राची, दुसरी पोट, प्रसूती अशा निवडलेल्या विषयाची. तिथे तपासणी सोनोग्राफर करतो आणि निदान डॉक्टर लिहितो. इंग्लंडात बहुधा रेडिओग्राफीची पदवी घेतलेले लोक पुढे पदव्युत्तर अभ्यास करून या कामाकडे वळतात. पगार चांगला, त्याबरोबर खांदे नि मनगटे धरण्याचे दुखणेही ठरलेले, कारण दिवसभर हात लांबवून दाबून धरायचा. पण तिथली परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेली व्यक्ती डॉक्टर नसेल, तर ठाण्यात अगर नागपुरात तिलाही हे काम आपल्या नावावर करता येणार नाही.

कोर्स विकणारे अलीकडे आणखी एक कागद दाखवतात. २०२१ साली संसदेने सहाय्यक आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात रेडिओलॉजी व इमेजिंग टेक्नॉलॉजिस्ट या गटात सोनोग्राफरचे नाव आलेले आहे, हे खरे. पण त्याच कायद्यात असेही आहे की सहाय्यक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण पाहिजे, आणि त्यावरच्या पायरीला किमान ३६०० तासांचे. सहा महिन्यांत दोन हजार तास बसवायचे तर रविवार न सोडता रोज अकरा तास शिकवावे लागेल. शिवाय या कायद्याने १९९४ चा कायदा रद्द झालेला नाही. परिशिष्टात नाव येणे निराळे आणि दांडा हातात घेण्याची परवानगी निराळी.

यावर काही डॉक्टर मंडळीच म्हणतात की तालुक्याच्या रुग्णालयांत यंत्र असते नि रेडिओलॉजिस्ट नसतो, तेव्हा शिकलेल्या तंत्रज्ञांना निदान यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करू द्यावी. म्हणण्यात तथ्य आहे. खेड्यातल्या बाईने पोटदुखीसाठी जिल्ह्याला खेटे का घालावेत? पण पोटावर ठेवलेले यंत्र यकृतावर थांबेल याची हमी कोण देणार, हाही प्रश्न खराच. कायदा बदलायचा असेल तर तो संसदेत बदलू दे. तोवर आपल्या मुलींच्या फीवर कोणी हा प्रयोग करू नये.

मग ज्या मुलीला दवाखान्यातल्या यंत्रांची खरोखर ओढ आहे तिने काय करावे? तिच्यासाठी सरळ वाट आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन बारावी करावी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत बी.पी.एम.टी. नावाची पदवी आहे. तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी ही यंत्रे चालवण्याचे हे शिक्षण, आणि ही यंत्रे तंत्रज्ञच चालवतो. सरकारी रुग्णालयांत 'क्ष-किरण तंत्रज्ञ', 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' अशी पदे असतात. भरतीच्या जाहिरातीत ही नावे शोधावीत. एक्स-रेच्या कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. छातीवर एक छोटा बिल्ला लावावा लागतो, अंगावर किरणे किती पडली ते त्यावरून मोजतात. शिशाचा जड एप्रन घालून रात्रपाळी करावी लागते, अपघाताचा पेशंट आला तर कण्हणाऱ्या माणसाला न दुखवता फिल्मवर सरकवावे लागते. मॅमोग्राफीच्या खोलीत तर बाईच हवी. संकोचलेल्या बाईला धीर देऊन तपासणी पार पाडणारी तंत्रज्ञ आपल्या वस्तीतली असली, तर त्या बाईला तिथे पाऊल टाकणे किती सोपे जाईल! आणि पुढे परदेशी जाऊन सोनोग्राफर व्हायचे असेल, तरी पाया हाच.

हुशार मुलीने नीट देऊन डॉक्टरच का होऊ नये, हेही विचारावेसे वाटते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले, तेव्हा गिरणीतल्या बाईच्या शरीराची कदर करावी हे त्यांनी कायदेमंडळाला ऐकवले. त्या बाईच्या पणतीने रेडिओलॉजीत एम.डी. करून केंद्राच्या नोंदणीपत्रावर स्वतःचे नाव लावावे. जागा थोड्या नि चुरस मोठी आहे, पण आरक्षण तिथेही आहे.

ज्यांची बारावी कला शाखेची झाली आहे त्यांना रेडिओग्राफीची वाट नाही, हे उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी एएनएम अगर जीएनएम नर्सिंगचा विचार करावा. तिथे शाखेची अडचण येत नाही. कोणी "कला शाखा चालेल, दहावी नापासही चालेल" म्हणत सोनोग्राफीला बोलावत असेल तर त्याच्या दारातूनच परतावे.

कोणत्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी आम्ही एकच प्रश्न विचारायला सांगतो : "महाडीबीटीवर तुमच्या कॉलेजचे नि या कोर्सचे नाव दाखवा." अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिथूनच मिळते, आणि ती मान्यताप्राप्त कोर्सलाच मिळते. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. नाव तिथे नसेल तर संस्थाचालक किती का गोड बोलेना, उठून यावे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण नि पीएच.डी.साठी आहे, परदेशातल्या पदविकेला ती मिळेल असे धरून कोणी पासपोर्टच्या रांगेत उभे राहू नये. आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊन येऊ नये. नंतर त्या सोडवायला पुन्हा पैसे मागितल्याच्या तक्रारी आमच्याकडे पत्रांतून आल्या आहेत.

या सगळ्यात आपली मुले जिथे अडतात ती जागा म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. प्रवेश लागतो, आणि कागद नाही म्हणून जागा जाते. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करावा. समितीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा नि जातीचा पुरावा लागतो. धर्मांतरानंतर घरातल्या कागदांवर 'बौद्ध' लागले, ते योग्यच झाले. पण समितीला त्याआधीचा दुवा हवा असतो, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत अगर गावच्या सातबाऱ्यात सापडतो. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांनी चुलत आजोबा पाहावेत. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता आधी झालेली असेल तर ती प्रतही जोडावी. हे काम मुलांचे नव्हे, मोठ्यांचे आहे. या सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरचा उतारा मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि उताऱ्यावर शाळेचा शिक्का नि मुख्याध्यापकाची सही आहे ना हे तिथेच पाहून घ्या.